आडनावांचा माग काढणारा माणूस

अर्धापूरच्या बसस्टँडवर नांदेडच्या एसटीत जागा मिळाली आणि शेजारी कुणी वडीलधारं माणूस येऊन बसलं, की पुढचे प्रश्न तुम्हाला पाठ असतात. नाव सांगून भागत नाही, पूर्ण नाव लागतं. आडनाव कळलं की गाव, गाव कळलं की तिथले अमुक-तमुक तुमचे कोण लागतात. केळीच्या बागा मागे पडून नांदेड येईपर्यंत तुमची अख्खी कुंडली त्यांच्या हातात आलेली असते. आपण कानात हेडफोन घालून सुटका करून घेतो. चीडही येते, कारण हा प्रश्न बऱ्याचदा कशासाठी असतो ते आपल्याला ठाऊक असतं. जात विचारायची लाज वाटते, आडनाव विचारायची वाटत नाही.

पण हाच प्रश्न गावोगाव हिंडून, दोन-तीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांना विचारत बसलेला एक जण आपल्याकडे होऊन गेला. स्पर्धा परीक्षा करणाऱ्यांना त्यांचं नाव एका ओळीच्या उत्तरापुरतं माहीत असतं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. मराठ्यांच्या इतिहासाची साधने, बावीस खंड. संपलं. ३१ डिसेंबर २०२६ ला त्यांना जाऊन शंभर वर्षं पूर्ण होतात, आणि आपल्याला अजून त्या एका ओळीच्या पलीकडे जाता आलेलं नाही.

म्हणून आज जरा पलीकडे जाऊ.

राजवाडे जन्मले १८६३ मध्ये, आत्ताच्या रायगड जिल्ह्यातल्या वरसई गावात. आडनाव राजवाडे, पण घरची परिस्थिती अगदी बेताची. वडील लहानपणीच गेले. मॅट्रिक झाल्यावर कॉलेज सुरू झालं, पैशांअभावी थांबलं, पुन्हा सुरू झालं. बी. ए. व्हायला १८९० साल उजाडलं, म्हणजे वय सत्तावीस. तुमच्यापैकी ज्यांचं एखादं वर्ष मागे राहिलंय त्यांनी ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना हा मुलगा वर्गापेक्षा ग्रंथालयात जास्त असायचा. पुढे त्यांनी आपल्या शाळा-कॉलेजच्या अनुभवांवर एक मोठा लेख लिहिला, त्यात शिक्षणपद्धतीची इतकी सालटी काढलीत की आज वाचतानाही आपलाच कुणी सीनियर चिडून बोलतोय असं वाटतं.

काही काळ शिक्षकी केली. 'भाषांतर' नावाचं मासिक काढलं, जगातले मोठे ग्रंथ मराठीत आणायचे म्हणून. ते फार वर्षं चाललं नाही. बायको तरुणपणीच वारली. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. त्या काळात पुरुषानं असं राहणं ही साधी गोष्ट नव्हती. घर नाही, नोकरी नाही, संसार नाही. मग त्यांनी जे केलं त्याला आज आपण फील्डवर्क म्हणतो.

वाईला एका घरात जुन्या कागदांचं दप्तर आहे असं त्यांना कळलं. कागद मोडीत. उंदरांनी आणि वाळवीनं बरंच काही खाल्लेलं. त्यात पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांची, १७५० ते १७६१ या काळातली पत्रं निघाली. म्हणजे लढाईला गेलेल्या, लढाईसाठी पैसा गोळा करणाऱ्या, लढाईची वाट पाहणाऱ्या माणसांनी तेव्हाच लिहिलेली पत्रं. १८९८ मध्ये त्यांनी ती छापली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड तो हाच. तोपर्यंत मराठ्यांचा इतिहास म्हणजे ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८२६ मध्ये लिहिलेला ग्रंथ. राजवाड्यांनी हातातली पत्रं समोर ठेवून डफच्या चुका एकेक करून दाखवल्या. हे करताना आवाज चढवायची गरज नव्हती, पत्रावरची तारीख दाखवली की काम व्हायचं. (आवाज त्यांनी चढवला, ही गोष्ट वेगळी. स्वभावच तसा होता.)

त्यानंतर जवळपास तीस वर्षं ते हिंडत राहिले. बरंचसं पायी. स्वतःचं जेवण स्वतः रांधायचं, मिळेल तिथे पडायचं, आणि गावात कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या देवघरात, कुणाच्या पेटीत दप्तर आहे का याची चौकशी करायची. लोक सहज द्यायचे नाहीत. कागद म्हणजे वतन, कागद म्हणजे जमीन. अनोळखी माणूस येऊन जुना कागद बघू म्हणतो म्हणजे नक्की भाऊबंदांनी पाठवलाय, कोर्टकचेरी होणार, असा संशय. आणि ज्यांना संशय नव्हता त्यांना किंमत नव्हती. रद्दीच्या भावानं मोडी कागद वाण्याकडे जायचे आणि त्यात हळद-मिरची बांधली जायची.

नांगराची सही

आता मुद्द्याचं. या कागदांत आडनावं कशी दिसतात?

पहिली गोष्ट म्हणजे ती बऱ्याचदा दिसतच नाहीत. आधारकार्डावर जसं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असतं, तसं तिथे नाही. अमुक बिन तमुक, मौजे अमुक. 'बिन' म्हणजे मुलगा. आपल्याकडे मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, त्याच जागी 'वलद' यायचं. पुढे हुद्दा: पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुला. ही आज आपल्याला आडनावं वाटतात, पण तेव्हा ती कामं होती, आणि कामापेक्षाही हक्क होते. परगण्याचा देशमुख एकच घराणं. त्यातला एक भाऊ हक्क सांभाळत राहिला तर तो देशमुख, दुसरा पोटासाठी दुसरीकडे गेला तर तो नव्या गावात जुन्या गावाच्या नावानं ओळखला जाणार. म्हणजे 'कर'. नांदेडकर, कंधारकर, अर्धापूरकर. यात एक गंमत तुमच्या लक्षात आली का? अर्धापुरात राहणाऱ्याला कुणी अर्धापूरकर म्हणत नाही. ते आडनाव गाव सोडणाऱ्यालाच मिळतं. 'कर' लागलेलं प्रत्येक आडनाव ही कधीतरी झालेल्या स्थलांतराची नोंद आहे.

नांदेडच्या बाजारपेठेतल्या पाट्या बघा. 'वार' नं संपणारी आडनावं इथे जितकी दिसतात तितकी साताऱ्यात दिसणार नाहीत. तेलुगूत माणसाला मान देताना 'वारु' लावतात. तेलंगणाची सीमा तिकडे देगलूर-धर्माबादला लागलेलीच आहे. दुकानाच्या पाटीवर दोन भाषांची वेस दिसते ती अशी.

आणि सही? गावात वतनाचा तंटा झाला की गोतसभा बसायची. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार सगळे हजर. निवाडा लिहिला जायचा, त्या कागदाला महजर म्हणत. खाली सगळ्यांची साक्ष. लिहिता येणारे थोडे. मग पाटलाच्या नावापुढे नांगराचं चित्र काढायचं. सुताराच्या नावापुढे त्याचं हत्यार, चांभाराच्या नावापुढे त्याचं, न्हाव्यापुढे त्याचं. याला निशाणी म्हणत. राजवाड्यांच्या काही खंडांत शिवकालीन घराण्यांचे असे कागद भरलेत. पूर्ण खंड वाचायची गरज नाही, कॉलेजच्या लायब्ररीत मिळाला तर नुसता चाळा. एका पानावर अख्खं गाव उभं असतं, प्रत्येक जण आपापलं हत्यार घेऊन.

हे वाचताना मला युरोपातल्या ढालींवरची चित्रं आठवली. आपण सगळ्यांनी 'गेम ऑफ थ्रोन्स' पाहिलंय, त्यामुळे सिंह, लांडगा, हरीण माहीत असतात. पण खऱ्या इतिहासात आपल्याशी जुळणारं उदाहरण हंगेरीचं आहे. तिथे आजही आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात, अगदी आपल्या हजेरीपटासारखं. मध्ययुगात तिथले सरदार आधी आपलं कूळ सांगत. पुढे घराणी वाढली, जहागिऱ्या वाटल्या गेल्या, आणि जहागिरीच्या गावाला 'इ' लावून आडनावं पडली. हुन्याद गावचा तो हुन्यादी. आपला 'कर' म्हणजे तिथला 'इ'. तुर्कांशी लढलेला यानोश हुन्यादी याच घराण्यातला. त्याच्या ढालीवर चोचीत सोन्याची अंगठी धरलेला डोमकावळा आहे, आणि त्याचा मुलगा मात्याश राजा झाला तो या कावळ्याच्याच लॅटिन नावानं ओळखला जातो. पंधराव्या शतकात तिथले राजे असं चिन्ह बहाल करताना सनदेवर ते रंगवूनच देत. तिथल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्याला आडनाव आणि चिन्ह दोन्ही सोबत वाचावं लागतं. कारण एकाच कुळातल्या दोन शाखा वेगवेगळी आडनावं लावतात, चिन्ह मात्र एकच ठेवतात.

ओळखीचं वाटलं? लग्नात देवक बसवतात ते आठवा. मोऱ्यांचं मोराचं पीस, साळुंख्यांचं साळुंकीचं पीस, कुणाचं पंचपल्लव. आडनाव वेगळं पण देवक एक असेल तर घरातले जाणते सोयरीक करताना थांबतात, कारण आडनाव बदललं तरी कूळ एकच असणार असा हिशेब असतो. आणि राजघराण्यांचं म्हणाल तर आपल्या मराठवाड्याला हे शिकवायला नको. तेरचं जुनं नाव तगर. तिथून पार कोकणात जाऊन राज्य करणारे शिलाहार स्वतःला तगर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी म्हणवत आणि त्यांच्या निशाणावर सोन्याचा गरुड असे. राष्ट्रकूट लट्टलूरचे स्वामी असं बिरुद लावत. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. राजधानी कर्नाटकात मान्यखेटला, पण बिरुद लातूरचं. म्हणजे हिशेबानं सम्राट अमोघवर्षसुद्धा लातूरकरच की.

पाटांगणची पोथी

राजवाडे मराठवाड्यातही आले होते, आणि त्यांच्या आयुष्यातला एक मोठा शोध इथलाच आहे. बीडजवळ पाटांगण म्हणून ठिकाण आहे. तिथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक फार जुनी प्रत मिळाली. आज आपण वाचतो ती ज्ञानेश्वरी संत एकनाथांनी १५८४ मध्ये शुद्ध करून दिलेली. राजवाड्यांचं म्हणणं होतं की पाटांगणची पोथी एकनाथांच्या आधीची आहे. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली आणि त्याच वर्षी तिच्यातल्या मराठीचं व्याकरणही लिहिलं.

तुम्ही म्हणाल, याचा आडनावांशी काय संबंध? संबंध असा, की नाव हासुद्धा शब्दच आहे आणि शब्द वापरून झिजतात. प्रतिष्ठानचं पैठण झालं, लट्टलूरचं लातूर झालं. कुठलं अक्षर कधी गळतं, कुठला काना कधी चढतो, याचे नियम असतात. जुन्या ज्ञानेश्वरीची भाषा हाती आली की सातशे वर्षांपूर्वीचा मुक्काम मिळतो, तिथून मागे संस्कृत-प्राकृताकडे आणि पुढे आजच्या मराठीकडे रस्ता मोजता येतो. राजवाड्यांनी मग गावांची नावं, नद्यांची, डोंगरांची, माणसांची, कुळांची नावं गोळा करायचा सपाटा लावला. त्यांना वाटत होतं की लेखी पुरावा जिथे संपतो तिथून पुढे नावं बोलतात. महाराष्ट्रात कोण कधी आलं, कुठून आलं, जंगल तोडून कुणी वस्ती केली, हे गावांच्या नावांवरून सांगता येईल, असा तो ध्यास. त्यांच्या मागे राहिलेल्या या सामग्रीतून 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' १९४२ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर सोळा वर्षांनी निघाला. क्रियापदांच्या मुळांचा 'धातुकोश' त्याआधी, १९३७ मध्ये आला होता.

१९२२ मध्ये त्यांनी 'राधामाधवविलासचंपू' छापला. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचं ते काव्य. त्याला जोडलेल्या लांबलचक प्रस्तावनेत शहाजीराजे आणि मराठ्यांची कुळं यांच्याबद्दल त्यांनी इतकं लिहिलं की ती प्रस्तावना स्वतंत्र पुस्तकासारखी वाचली जाते. १९२४ मध्ये 'महिकावतीची बखर' आली. ही मला सगळ्यात जास्त आवडली. उत्तर कोकणातल्या माहीमच्या परिसराची ही बखर वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली, आणि तिचा एक जुना भाग केशवाचार्य नावाच्या माणसानं १४४८ मध्ये लिहिलेला. बिंब राजाबरोबर कोकणात कोण कोण आलं, तर सहासष्ट कुळं. त्यांचे वंश, त्यांची गोत्रं, त्यांची नावं. राज्य गेलेलं, माणसं पांगलेली, कोण कुणाचा हे विसरत चाललेलं. अशा वेळी मालाडच्या देसल्यानं, नायकोरावानं पुढाकार घेतला आणि ही यादी लिहून ठेवली गेली. आपण कोण आहोत हे विसरू म्हणून केलेली नोंद. राजवाड्यांच्या आधी ती बाडात पडून होती.

जिथे ते घसरले

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की हा माणूस कधी चुकलाच नाही. तसं नाही, आणि ते लपवून लेख लिहिला तर त्यांच्याच पद्धतीशी बेइमानी होईल. डफच्या चुका त्यांनी काढल्या, तशा त्यांच्याही काढायला हव्यात.

एक चूक विद्वत्तेतली. जे नाव हाती येईल ते खेचून संस्कृतकडे न्यायची त्यांना भारी हौस. आपल्या भागात ही हौस लगेच उघडी पडते. लातूर, देगलूर यांच्या शेवटी जो 'ऊर' आहे तो द्राविडी भाषांतला, कन्नड-तेलुगूत त्याचा अर्थ गाव. मराठवाड्यातली नावं वाचायला एक डोळा दक्षिणेकडे लागतो. राजवाड्यांचे दोन्ही डोळे बरेचदा उत्तरेकडे असत. नियम पाठ असले की कुठलाही शब्द कुठूनही आणता येतो, हा त्यातला धोका. तुम्ही इन्स्टावर आडनावांच्या अर्थाचे रील पाहता ना, अमुक आडनाव म्हणजे सूर्यवंश वगैरे? त्यात आणि राजवाड्यांच्या फसलेल्या व्युत्पत्तींत फरक एवढाच, की राजवाडे निदान आपला रस्ता मांडून दाखवतात, म्हणून तो चुकला कुठे हे आपल्याला दाखवता येतं.

पोथीचीही एक अडचण आहेच. पाटांगणची मूळ पोथी आज अभ्यासकांच्या हाताशी नाही. राजवाड्यांनी छापलं तेवढंच समोर. ज्या माणसानं सगळ्यांकडे अस्सल कागद मागितला त्याच्या सर्वात गाजलेल्या शोधाचा अस्सल कागद नाही. मला हे वाचून वाईट वाटलं.

दुसरी चूक जास्त गंभीर, कारण तिनं माणसं दुखावली. पुण्यात ७ जुलै १९१० ला राजवाड्यांनी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासोबत भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. आजही ते आहे. पण याच मंडळाच्या अहवालात राजवाड्यांनी कायस्थ प्रभूंच्या कुळाबद्दल हीन ठरवणारा मजकूर लिहिला. इतिहास म्हणून. त्याला उत्तर दिलं केशव सीताराम ठाकरे यांनी, म्हणजे प्रबोधनकारांनी. त्यांचं 'कोदंडाचा टणत्कार' १९१८ मध्ये आलं. त्यांनीही नुसत्या शिव्या घातल्या नाहीत, पुरावे गोळा करून मांडले. राजवाड्यांचंच शस्त्र राजवाड्यांवर. एका बाजूला सुताराच्या हत्याराची निशाणी जपून छापणारा माणूस, आणि तोच दुसऱ्या बाजूला कुळांच्या उतरंडीत कोण वर, कोण खाली हे ठरवायला बसतो. एसटीतल्या शेजाऱ्याचा प्रश्न आणि संशोधकाचा प्रश्न इतका सारखा का वाटतो, ते मला इथे कळलं. शब्द तेच असतात. विचारणाऱ्याला माणसाचा प्रवास बघायचाय की त्याची पायरी, यावर सगळं ठरतं. राजवाड्यांना बहुतेक वेळा प्रवास बघायचा होता. नेहमी नाही.

आणि हा विषय जुना झालाय असं समजू नका. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तहसिलांतली, शाळांतली, भूमी अभिलेखची जुनी दप्तरं बाहेर निघाली. मोडी वाचणारा कुणी आहे का, उर्दू-फारसी वाचणारा कुणी आहे का, अशी शोधाशोध झाली. तुमच्या वर्गात असे मित्र असतील ज्यांची अ‍ॅडमिशन पणजोबांच्या नावापुढच्या एका शब्दावर अडकली किंवा सुटली. शंभर वर्षांपूर्वी एक माणूस दारोदार फिरून हेच कागद जपा म्हणत होता. तेव्हा हळद बांधायला ते स्वस्त पडत होते.

राजवाड्यांचं स्वतःचं काय झालं? त्यांचं कुणाशीच फार काळ पटलं नाही. मंडळाशीही बिनसलं, आणि पुणं सोडून ते शेवटी धुळ्याला आले. इंग्रजी उत्तम येत असूनही ग्रंथ मराठीतच लिहायचे हा त्यांचा हट्ट. त्यामुळे बाहेरच्या जगात त्यांचं नाव व्हायला हवं तितकं झालं नाही, आणि त्यांना त्याची पर्वाही नव्हती. बावीस खंड, कोशांची टिपणं, शेकडो लेख, विवाहसंस्थेच्या इतिहासावरचं ते धाडसी अपुरं लिखाण, एवढं मागे ठेवून ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच गेले. त्यांचे कागद सांभाळायला धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. खानदेशात गेलात तर पाहून या.

तुम्हाला स्वतःच्या आडनावाचा माग काढायचा असेल तर सुरुवात घरातूनच होते. आजीला विचारा, देवक कोणतं, कुलदैवत कोणतं, आणि आपण या गावात कुठून आलो. कुलदैवत लांबचं निघालं तर तो एक धागा. तहसीलमधून १९५४ चं खासरा पाहणीपत्रक काढा, शेत असेल तर त्यात आजोबा-पणजोबा सापडतील. त्र्यंबकेश्वरला घरातलं कुणी विधीसाठी गेलं असेल तर तिथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत पिढ्यांची नावं आणि गाव असतं. मोडी शिकायला काही महिने पुरतात, राज्याचं पुराभिलेख खातं त्याचे वर्ग घेतं. आणि सापडलेली गोष्ट आवडली नाही तरी ती तशीच लिहून ठेवायची. आपण राजाचे वंशज निघण्यापेक्षा दुष्काळात गाव सोडून आलेल्या कुणाचे तरी नातू निघण्याची शक्यता खूप जास्त आहे.

हा लेख लिहिताना मी आमच्या अर्धापूरच्या घरातली जुनी ट्रंक उघडली. आजोबांचे बारदाण्यात गुंडाळलेले कागद आहेत, त्यातल्या एकावर वर उर्दू आणि खाली मोडी. उर्दू मला येत नाही. मोडीतली चार-पाच अक्षरं लागली, त्यात 'वलद' लागला, त्याच्या पुढचं नाव नाही लागलं. पण शेवटी कोपऱ्यात शाईनं काढलेला एक छोटा, वाकडा नांगर आहे. कुणाच्या हातचा ते आजीलाही माहीत नाही. तिनं चष्मा लावून बराच वेळ तो पाहिला आणि कागद पुन्हा बारदाण्यात न ठेवता देवघराच्या फळीवर ठेवला.